सतरा साते आणि सॉफ्टबॉल

पूर्वी सोनगीर कानांनी ओळखता यायचं. धुळ्याहून आग्रा रोडने वीसेक किलोमीटर आलं, किल्ल्याची टेकडी दिसली आणि तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांची टिणटिण सुरू झाली, की पिशव्या आवरायला घ्यायच्या, गाव आलं. खानदेशातल्या कितीतरी रुखवतांत सोनगीरचा हंडा असे. पुढे घराघरांत स्टील शिरलं, मग प्लास्टिक शिरलं, हातोड्या थोड्या उरल्या आणि महामार्गावरच्या ट्रकांनी बाकीची जागा भरून काढली. गेली दोन-तीन वर्षं मात्र संध्याकाळी एक तिसराच आवाज येतो. ठण्ण! तांब्याचा म्हणावा तर त्यात ओल नाही, लोखंडाचा म्हणावा तर त्यात वजन नाही. अॅल्युमिनियमचा आवाज आहे तो. किल्ल्याच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत शाळेच्या मुली सॉफ्टबॉल खेळतात. त्यांतली एक आमची नात आहे. त्यामुळे या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला आपोआप मिळाला आहे, अशी माझी समजूत आहे.

खेळाशी माझा आधीचा संबंध इतकाच, की मी छत्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले. शाईच्या गादीवर एक, पाकिटावर एक. गादी, पाकीट, गादी, पाकीट. एवढ्या वर्षांत माझा ठोका हुकल्याचं आठवत नाही. नातीला मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "नाना, पाकीट हलत नाही. त्याला आम्ही टी म्हणतो." टी म्हणजे एक उभा दांडा. त्याच्या टोकावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. तिच्या सरांनी तो पीव्हीसी पाईप आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा जोडून घरीच बनवला आहे. म्हणजे माझी छत्तीस वर्षांची कारकीर्द ही नवशिक्यांच्या पहिल्या आठवड्याची पायरी निघाली.

गावात अजून निम्मे लोक या खेळाला बेसबॉलच म्हणतात आणि ते फारसं चुकीचंही नाही. सॉफ्टबॉल हे बेसबॉलचं धाकटं भावंड. चेंडू मोठा, घेर बारा इंचांचा, मैदान लहान, आणि चेंडू खांद्यावरून फेकायचा नाही, खालून द्यायचा. खालून म्हटल्यावर मला वाटलं होतं, बायका हळदीकुंकवाला वाण देतात तसं काहीतरी सौम्य असेल. प्रत्यक्षात पिचर पोरगी हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवते आणि मांडीजवळून चेंडू असा सोडते, की ज्वारीच्या शेतात मचाणावरून सुटलेली गोफण आठवावी. नावातल्या 'सॉफ्ट' या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये. माझ्या नडगीनं तो एकदा ठेवला होता.

खेळाचा जन्म 1887 सालचा, शिकागोतल्या एका बोट क्लबातला. थंडीच्या दिवसांत फुटबॉलच्या सामन्याच्या निकालाची वाट पाहत काही तरुण मंडळी बसली होती. कुणीतरी मुष्टियुद्धाचा जुना हातमोजा भिरकावला, दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थानं तोच हातमोजा दोरीनं बांधून त्याचा चेंडू केला, हाती झाडूचा दांडा घेतला आणि बंद दालनातला बेसबॉल सुरू झाला. हे वाचल्यापासून आमच्या घराच्या कोपऱ्यातल्या केरसुणीकडे मी जरा आदरानं पाहतो. भारतात हा खेळ संघटना करून रुजला तो 1961 साली, जोधपूरकडून. आपल्या जळगाव-धुळ्याकडे तो शाळांच्या स्पर्धांतून बऱ्याच वर्षांपासून आहे. सोनगीरला तो पोचला शाळेत बदलून आलेल्या पीटीच्या सरांच्या पिशवीतून: दोन बॅटी, पाच चेंडू आणि कॅचरचा एक मोठा हातमोजा. पाचांतले दोन चेंडू जुने, पांढरे होते. त्यांतला एक पहिल्याच हंगामात शेजारच्या कपाशीत गेला. बोंडं फुटलेल्या कपाशीत पांढरा चेंडू शोधणं काय असतं, ते शोधल्याशिवाय कळायचं नाही. अर्धा संघ आडवा-उभा वाफा तुडवत फिरला, शेतमालकाचे शब्द ऐकून परत आला. तिसऱ्या दिवशी वेचणीला आलेल्या एका बाईच्या कमरेच्या झोळीत तो सापडला. तिनं बोंड समजून खुडायला हात घातला होता. वजन लागल्यावर तिनं ओळीतल्या बाकीच्यांना हाक मारली म्हणतात, की हे कोणतं बियाणं आहे, जरा दखा.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. आमच्या पोरी सरावात उत्तम मारायच्या. सर समोरून चेंडू द्यायचे आणि ठण्ण, ठण्ण, ठण्ण असे एकामागोमाग एक आवाज. किल्ल्यावर पोपट असतील तेवढे उडून जायचे. हे बघून आम्ही आजोबामंडळी पारावर विभागाच्या, राज्याच्या गोष्टी करायला लागलो. मग धुळ्याला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आल्या. सामना सुरू झाला आणि त्याच पोरी, त्याच बॅटी, पण आवाज नाही. आमच्या नातीची पाळी तीनदा आली. तीनदा तीन-तीन स्ट्राइक होऊन ती परत आली. बॅट फिरायची, पण चेंडू येण्याच्या आधी किंवा गेल्याच्या नंतर. पाहुणे येऊन गेल्यावर आपण दार उघडावं, तसं.

आता यात आमचा, म्हणजे प्रेक्षकांचा, हात किती होता ते सांगायला हवं. गल्लीत ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घ्यायची असली की जे होतं, ते आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. चालवणारा एक आणि हात करणारे अकरा. "येऊ दे, येऊ दे", "डावीकडं काट", "अरे भो, थांब", आणि हे सगळं एका वेळी. ट्रॉली गटारात गेली की अकराही जण म्हणणार, मी सांगतच होतो. त्या दिवशी मैदानाच्या कडेला आम्ही अकराच्या वर होतो. "चेंडूवर डोळा ठेव!" "कोपर वर!" "खांदा पाड!" "गुडघ्यात वाक!" "घाबरू नको!" आणि सगळ्यांत उपयुक्त सल्ला: "मार ना गं!" मी स्वतः क्रिकेटच्या पिढीचा माणूस. मी ओरडलो, "सरळ बॅटनं खेळ!" सॉफ्टबॉलात बॅट आडवीच फिरते, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण गावसकर डोक्यातून जात नाही. 1975 च्या पहिल्या विश्वचषकात त्यानं लॉर्ड्सवर साठ षटकं उभं राहून नाबाद 36 केल्या होत्या, 174 चेंडूंत. तो संयम मला सॉफ्टबॉलात हवा होता आणि तिथे तर तीन स्ट्राइकमध्ये घरी पाठवतात. गावसकरला हा खेळ अन्यायकारक वाटला असता.

घरी येऊन मी हिशेब केला. पोस्टातल्या माणसाला निवृत्तीनंतरही हिशेब सुचतो. मोठ्या महिलांच्या सामन्यात पिचर 43 फुटांवर असते. चेंडू ताशी ऐंशी किलोमीटरनं आला, तर प्लेटपर्यंत यायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. बेसबॉलात अंतर साठ फूट सहा इंच, पण तिथले पुरुष असं फेकतात, की वेळ त्याहून कमीच मिळतो. त्या अर्ध्या सेकंदातला शेवटचा तुकडा बॅट फिरण्यातच जातो. उरलेल्या वेळात चेंडू हातातून कसा सुटला, किती वेगानं, कुठे चाललाय, मारायचा की सोडायचा, हे सगळं ठरायला हवं. त्यात आमच्या सात सूचना. आपल्या सरकारी कार्यालयांत इतक्या शेऱ्यांवर फाईल सहा महिने फिरते.

पण आरडाओरड बंद केली तरी सरावातला ठण्ण सामन्यात का येत नाही, हे कोडं उरलंच. त्याचं उत्तर मला अंघोळीच्या वेळी सुचलं, ते असं. आमच्या लहानपणी पाढे रोज संध्याकाळी म्हणावे लागत. तीसपर्यंत. मी सतराचा पाढा असा म्हणायचो, की शेजारचे ऐकायला थांबायचे. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, एकदा गाडी रुळावर आली की सतरा दाहे सत्तरसेवर जाऊनच थांबायची. मग एक दिवस शाळेत तपासणीला साहेब आले. गुरुजींनी मोठ्या विश्वासानं मला उभं केलं. साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "सतरा साते?" बस. रूळ गायब. मी मनात सतरा एकेपासून पळत सुटलो, पण सातेपर्यंत पोचायच्या आत साहेब पुढच्या बाकावर पोचले होते. एकशे एकोणीस हे उत्तर मला त्यांची जीप वेशीबाहेर गेल्यावर सापडलं.

सरांचा सराव हा ओळीनं म्हटलेला पाढा होता. एकाच अंतरावरून, एकाच वेगानं, एकाच उंचीवर, प्रसाद वाटावा तसे पन्नास चेंडू. तिसऱ्या चेंडूनंतर डोळ्यांना काही कामच उरत नाही. हात आपोआप फिरतात आणि ठण्ण आवाज येतो. बघणारा म्हणतो, काय तयारी आहे! सामन्यातली पिचर मात्र तपासणीचा साहेब असते. ती एकदा जोरात टाकेल, एकदा तोच हात फिरवून हळू सोडेल, एकदा आत, एकदा बाहेर. ती प्रत्येक वेळी सतरा साते विचारते आणि पुढच्या वेळी तेरा नव्वे.

मला हे शोधाचं समाधान चार दिवस पुरलं. मग सरांनीच सांगितलं, की अमेरिकेत 1994 साली यावर चक्क प्रयोग होऊन गेला आहे. कॉलेजच्या तीस बेसबॉल खेळाडूंचे तीन गट केले. एका गटाला जादा सरावात आधी एकाच प्रकारचे पंधरा चेंडू, मग दुसऱ्या प्रकारचे पंधरा, मग तिसऱ्या. दुसऱ्या गटाला तेच पंचेचाळीस चेंडू, पण सरमिसळ करून, कोणता येईल ते न सांगता. तिसऱ्याला जादा काहीच नाही. सहा आठवड्यांनी परीक्षा घेतली. ओळीनं पाढे म्हणणारा गट साधारण पंचवीस टक्के सुधारला, सरमिसळवाला जवळजवळ सत्तावन्न टक्के. सरांना हे ठाऊक होतं, तर मग ते आधीपासून तसा सराव का घेत नव्हते, असं मी विचारलं. सर म्हणाले, "नाना, सरमिसळ केली की पोरी चुकतात. चुकल्या की हिरमुसतात. आणि तुम्ही पारावर बसून म्हणता, सराला शिकवता येत नाही." यावर मी चहा मागवला.

तर सराव बदलला आणि ठण्ण बंद झालं. पहिले दोन आठवडे नुसता वाऱ्याचा आवाज. सर कधी जवळून टाकत, कधी दुरून. कधी जोरात आणि कधी मध्येच मऊ. दाणे काढलेली मक्याची कणसं विळीनं तुकडे करून एका टोपलीत भरली आणि पोरींच्या हातात बॅटीऐवजी वेताच्या काठीएवढी बारीक काठी दिली. कणसाचा तुकडा सरळ येतच नाही, हवेत वाकडातिकडा फिरतो. काठीला तो लागला, तर बारा इंच घेराचा चेंडू पुढे कलिंगडासारखा दिसायला लागतो, असं त्यामागचं शास्त्र. आमच्या म्हशीला या शास्त्राचा राग आहे, कारण ती कणसं पूर्वी तिची होती.

आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे बघण्याचा तास. बॅट खांद्यावर, पण फिरवायची नाही. चेंडू यायचा, पोरीनं फक्त बोलायचं: "आत", "बाहेर", "स्ट्राइक", "बॉल". काही चेंडूंवर रंगीत पट्टे काढले होते. येता येता पट्ट्याचा रंग ओळखायचा. गावातून जाणारे येणारे थांबून बघायचे. बारा पोरी ओळीनं उभ्या, हातात बॅट, समोरून चेंडू चाललेत आणि कोणी मारत नाही. एकानं मला विचारलंच, "नाना, ह्या पोरींना बॅट वापरायची परवानगी नाही का आली अजून?"

याच काळात घरात टेड विल्यम्स शिरला. हा अमेरिकेतला बेसबॉलचा थोर फटकेबाज. 1941 च्या मोसमात शेवटच्या दिवशी त्याची सरासरी, म्हणजे दर पाळीमागे लागलेले फटके, .39955 होती. आकडा वर घेतला की .400 होतो. न खेळता बसून राहिला असता, तरी .400 नावावर लागलं असतं. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठांपैकी सहा वेळा चेंडू नीट मारला आणि .406 वर मोसम संपवला. पुढे त्यानं फटक्यांच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यात स्ट्राइकच्या चौकटीत 77 चेंडू मांडले आहेत, सात आडवे, अकरा उभे, आणि प्रत्येक चेंडूवर आपण तिथला चेंडू मारला तर सरासरी किती येईल ते लिहिलं आहे. मधल्या चेंडूंवर .400, खाली बाहेरच्या कोपऱ्यात .230. सांगणं एवढंच, की चौकटीतले सगळे चेंडू सारखे नसतात. आपला कोणता ते ओळखा, बाकीच्यांना नमस्कार करा. नातीनं जुन्या कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तशी चौकट काढली. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, म्हणून तिची गोळाबेरीज पाच आडव्यांत उरकली. लाल म्हणजे आपला, पिवळा म्हणजे अडचणीत असलो तर, निळा म्हणजे सोडा. तिच्या आजीला तो कागद भिंतीवर दिसला तेव्हा ती मोजून म्हणाली, "एवढे लाडू कोणाच्या लग्नाचे?" त्या चौकटीच्या पायाशी होम प्लेट होती. तिची रुंदी नातीनं लिहिली होती: 17 इंच. मी बराच वेळ त्या सतराकडे बघत उभा होतो. साहेबांनी पाठ सोडलेली नाही.

दुसरे मार्गदर्शक आमच्याच गल्लीतले. तांबट आबा. ऐंशीच्या पुढे गेलेत, दिसतं कमी, पण अजून सकाळी दोन तास भांडं घेऊन बसतात. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे बारीक बारीक ठोके देऊन ते घट्ट आणि देखणं करतात, त्याला मठारणं म्हणतात. भांडं एका हातानं फिरत राहतं, दुसऱ्या हातानं ठोके पडत राहतात, आणि मठारलेला हंडा उन्हात धरला की सगळी टिंबं एका मापाची, एका ओळीत. एकदा नात बॅट घेऊन त्यांच्या ओट्यावरून चालली होती. त्यांनी तिला बॅट धरून दाखवायला लावली. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. आबांनी तिच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, हातोडी इतली दाबी धरी का ठोका मरी जास." इतकी आवळून धरली की ठोका मरतो. मग स्वतःची हातोडी दाखवली. ती त्यांच्या बोटांत अशी होती, की मला वाटलं, आता पडते. पडत मात्र नव्हती. फक्त तांब्याला टेकायच्या क्षणी मूठ आवळली जायची आणि लगेच सैल. सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, मी सहा महिने हेच सांगतोय. असेल. पण सर सांगत होते आणि आबांनी हातावर हात ठेवला. शिवाय आबांचं ऐकलं नाही तर गुळाचा खडा मिळत नाही.

एक अडचण तरीही होती आणि ती घराघरांतली होती. पालक. त्यातल्या अनेकांचा या खेळाशी संबंध दहावीच्या निकालाच्या वाटेनं आलेला. राज्यपातळीवर गेलं, तर सवलतीचे गुण मिळतात हे त्यांना पाठ आहे. त्यामुळे सामन्यानंतर प्रश्न एकच: किती लागले? दहा पाळ्यांत तीन लागले असं कळलं की बापाचं तोंड पडतं. "म्हणजे सात गेले!" यावर मी सरांना मदत म्हणून पालकसभेत एक भाषण केलं. मी म्हणालो, मंडळी, आपल्याकडे शंभरात पस्तीस म्हणजे काठावर पास. त्यावर पेढे वाटायचे की नाही, हा घराघरातला प्रश्न असतो. बेसबॉलात मात्र पस्तीस टक्के पडले, तर माणसाची मिरवणूक निघते. दहात तीन हा तिथला चांगला विद्यार्थी. टेड विल्यम्सच्या त्या गाजलेल्या मोसमातसुद्धा दहातले जवळजवळ सहा गेलेच होते. आणि आपण कोरडवाहू लोक आहोत. दहा पावसाळ्यांतले तीन नीट लागले तरी आपण देवाला नारळ फोडतो. पोरीकडून मात्र दहाच्या दहा मागतो. भाषण चांगलं झालं. शेवटी एका पालकानं हात वर करून विचारलं, "पण नाना, तीनच लागणार असतील तर तेवढेच तीन मारायचे, सात सोडून द्यायचे, असं नाही का करता येत?" हसू नका. टेड विल्यम्सही वेगळं काही सांगत नव्हता.

यंदा पुन्हा धुळ्याला गेलो. निघताना सरांनी गाडीतच सगळ्या मोठ्या माणसांना भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची एकेक पुडी वाटली. नियम असा: आपली पोर बॅटिंगला उभी राहिली, की शेंग तोंडात. ती परत येईपर्यंत तोंड रिकामं करायचं नाही. ज्यांना शेंगा चालत नाहीत त्यांच्यासाठी खडीसाखर. अमेरिकेत बेसबॉल बघताना लोक शेंगाच खातात, असं सरांनी सांगितल्यावर आमच्या पुड्यांना एकदम आंतरराष्ट्रीय दर्जा आला. एका मावशींना तरीही राहवलं नाही. त्या तोंडात शेंग धरून "कोफर वर" असं काहीतरी म्हणाल्या. पण पोरीला ते कळलं नाही, म्हणजे उपाय लागू पडला.

सामना आम्ही हरलो. तीन धावांनी. समोरचा संघ चांगलाच होता. पण आवाज आला. मधूनमधून, लागोपाठ नाही, पण आला. एका पोरीनं दोन स्ट्राइक झाल्यावर बॅट दोन बोटं वर धरली, फटका लहान केला आणि चेंडू पहिल्या बेसच्या बाजूनं गवतात सरकवला. सुंदर काही नव्हतं त्यात. चिंचोळ्या बोळातून सायकल काढावी तसं काम होतं. मला तो फटका दिवसभरातला सर्वांत आवडला.

शेवटच्या, सातव्या डावात आमची नात आली. तीन बॉल, दोन स्ट्राइक. म्हणजे आता चौकटीतला चेंडू सोडला तर ती बाद. चौकटीबाहेरचा सोडला तर चार बॉल, पहिला बेस फुकट. माझ्या तोंडात चार शेंगा होत्या, टरफलांसकट. पिचरनं हात फिरवला. चेंडू खाली, बाहेरच्या कोपऱ्याकडे आला, कालनिर्णयावरच्या निळ्या लाडवांच्या वस्तीत. बॅट खांद्यावरून हलली नाही. अम्पायर क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी पहिल्या बेसकडे बोट दाखवलं. नात बॅट ठेवून धावत गेली आणि आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. तिची आजी, जी पहिल्यांदाच सामना बघायला आली होती, माझ्याकडे वळून म्हणाली, "न माराना बी टाळ्या?" माझं तोंड रिकामं नव्हतं.

परतीच्या गाडीत त्या न मारलेल्या चेंडूवर सोनगीरपर्यंत चर्चा झाली. सर म्हणाले, बघण्याचा तास कामी आला. मी सतरा सातेचा दाखला दिला. एकानं शेंगांचं श्रेय मागितलं. घरी पोचलो तर तांबट आबा ओट्यावरच होते. त्यांना सगळी हकिकत सांगितली. ते समाधानानं म्हणाले, "मुठ सैल व्हती ना? मंग."

रात्री नात माझ्या पुडीतल्या उरलेल्या शेंगा सोलत बसली होती. मी म्हटलं, "तो चेंडू निळा आहे हे तुला कधी कळलं गं? सुटतानाच?"

तिनं स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"नाना, खरं सांगू? मला तो मारायचाच होता. पण बॅट हललीच नाही. पायच गार पडले होते." मग दोन दाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "सरांना सांगू नका हं."

मी सांगितलेलं नाही. सर मासिकं वाचत नाहीत, एवढ्या भरवशावर इथे लिहिलं आहे.